शेक झाला, पुढें काय ?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदाव्या अध्यायाला स्वेदाध्याय म्हणतात. अंगाला शेक कसा द्यावा, कोणाला द्यावा आणि कोणाला देऊं नये, याचा विचार त्यांत आहे. आरंभींच आचार्यांनीं एक दृष्टांत दिला आहे. तेल आणि ऊब यांच्या योगानें वाळलेलीं लांकडें देखील रीतसर वांकवितां येतात, मग जिवंत मनुष्यांची गोष्ट काय सांगावी, असा त्याचा आशय. हा दृष्टांत आमच्यासारख्या पोथीपंडितांपेक्षां एखाद्या बुरुडाला लौकर उमजेल. बुरूड बांबूची काठी विस्तवावर धरतो. ती मऊ पडली कीं तेवढ्यांत गुडघ्याखालीं दाबून तिला बांक देतो, आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवतो. तीच काठी नुसती शेकून त्यानें कोपऱ्यांत उभी करून ठेविली, तर घटकाभरानें ती होती तशीच ताठ राहणार. विस्तवानें काठी वांकत नाहीं, वांकविण्याजोगी होते. वांकविण्याचें काम बुरुडाच्या हातांचें असतें.

आमच्या घरांतून हल्लीं शेकण्याचें काम पुष्कळ होतें, वांकविण्याचें होत नाहीं. आजोबांचा गुडघा शेकला जातो, आत्याबाईंचा खांदा बर्फानें गार केला जातो, वहिनींची कंबर विजेच्या यंत्राखालीं ठेविली जाते, आणि एवढें झाल्यावर त्या त्या अवयवावर पांघरूण घालून त्याला निजविलें जातें. दुसरे दिवशीं दुखणें होतें तेथेंच. मग शेकाला गुण नाहीं असा बोल लागतो, किंवा याहून मोठ्या यंत्राची चौकशी सुरू होते. ऊन, थंड, पाणी आणि नाद हे भौतिकोपचाराचे, म्हणजे ज्याला आपण व्यवहारांत फिजिओथेरपी म्हणतों तिचे, चार सेवक आहेत. ते दार उघडून देतात. चालणें रोग्याला स्वतःच्या पायांनींच लागतें. या महिन्यांत या सदरांत त्या चौघांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

शेकाचे प्रकार आमच्या घरांना नवे नाहींत. मिठाची किंवा ओव्याची तापविलेली पुरचुंडी, फडक्यांत गुंडाळलेली ऊन वीट, तेल लावून तव्यावर गरम केलेलें रुईचें पान, निर्गुंडीच्या पाल्याचा वाफारा, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, आणि अलीकडची रबरी पिशवी, हे सर्व एकाच कुळांतले. चरकांनीं अग्नीच्या साह्यानें द्यावयाच्या शेकाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. ऊन पाण्यांत बसविणें आहे, नळीनें वाफ देणें आहे, तापलेल्या शिळेवर निजविणें आहे. त्यापुढें अग्नीवांचून घाम आणणारे दहा उपाय दिले आहेत, आणि त्या दहांत पहिलें नांव व्यायामाचें आहे. हा क्रम आचार्यांनीं जाणून योजिला कीं छंदाच्या सोयीसाठीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु तो आम्हांस फार आवडतो.

शेकानें घडतें तें असें. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या जागीं रक्त अधिक येतें. दुखण्याच्या भीतीनें आखडलेले स्नायु सैल पडतात. सांध्याभोंवतींचे चिवट तंतु ऊब मिळाली असतां थोडे अधिक ताणले जातात. शिवाय ऊबेची जाणीव मज्जातंतूंतून वर जात असतां वेदनेच्या निरोपाला अडसर होतो. वेदनेच्या या दाराची उपपत्ति मेल्झॅक आणि वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं मांडली. मात्र बाहेरून दिलेला हा शेक फार खोल जात नाहीं. पिशवीची ऊब कातडीखालीं सुमारें एक सेंटिमीटरपर्यंत पोंचते, आणि वर मेदाचा थर असेल तर तितकीही नाहीं. म्हणजे मांडीच्या हाडाजवळचें किंवा कटिसंधींतलें दुखणें पिशवीनें तापतें ही समजूत खरी नव्हे. आणि जो सैलपणा येतो तो ओसरतोही लौकर. शेक काढल्यावर पहिलीं दहापंधरा मिनिटें हीच काय ती बुरुडाची वेळ.

शेक आणि हालचाल यांची ही सांगड ज्या एका बाईनें जगाच्या डोळ्यांपुढें हट्टानें आणिली, तिची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. एलिझाबेथ केनी ही १८८० सालीं ऑस्ट्रेलियांत जन्मली. तिचें परिचारिकेचें रीतसर शिक्षण झालेलें नव्हतें. क्वीन्सलंडच्या आडमुलुखांत ती रोग्यांची शुश्रूषा करीत फिरे, आणि पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या जहाजांवर काम करून तिनें ‘सिस्टर’ ही पदवी मिळविली. त्या काळीं बालपक्षाघात, म्हणजे पोलिओ, झालेल्या मुलांचे हातपाय फळ्या आणि प्लॅस्टर यांत महिनेच्या महिने जखडून ठेवीत. हेतु हा कीं अवयव वांकडे होऊं नयेत. केनीनें फळ्या काढून टाकिल्या. लोंकरीच्या ब्लँकेटच्या पट्ट्या कढत पाण्यांत भिजवून, घट्ट पिळून, त्या दुखऱ्या स्नायूंभोंवतीं गुंडाळावयाच्या, सांधे मात्र मोकळे ठेवावयाचे. आणि आखडलेपण गेलें कीं लगेच तो अवयव हलवावयाचा, व मुलाचें लक्ष त्या स्नायूकडे लावून त्याला पुन्हां हालचाल शिकवावयाची, असा तिचा क्रम होता.

डॉक्टरांशीं तिचें आयुष्यभर भांडण चाललें. १९३८ सालीं क्वीन्सलंडच्या चौकशी समितीनें तिच्याविरुद्ध अहवाल दिला. १९४० सालीं ती अमेरिकेंत गेली, आणि दोनच वर्षांनीं मिनिॲपोलिस येथें तिच्या नांवाची संस्था उभी राहिली. ती १९५२ सालीं वारली. तिची बाजू घेणारांनींही एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पोलिओ म्हणजे काय याविषयींची तिची उपपत्ति बहुतांशीं टिकली नाहीं, आणि तिच्या ऊन पट्ट्यांनीं मेलेली एकही मज्जापेशी जिवंत झाली नाहीं. जें झालें तें इतकेंच कीं मुलाचें दुखणें कमी झालें, तें हलवूं देऊं लागलें, आणि हलविल्यामुळें उरलेले स्नायु कामाला लागले. जखडून ठेवण्याची चाल मात्र मोडली ती मोडलीच. आपल्या देशांतला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला आहे, आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हां त्या पट्ट्यांची आतां त्या कामीं गरज उरलेली नाहीं. पण गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याला पलंगाशीं जखडून ठेवणारीं माणसें अजून घरोघर आहेत.

आतां शेकाच्या भयाविषयीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील वृद्ध मातोश्रींना वीस वर्षांचा मधुमेह होता. थंडीच्या दिवसांत पाय गार पडतात म्हणून धाकट्या सूनबाईंनीं भक्तिभावानें पिशवी भरून पायांशीं ठेविली. मातोश्रींनीं ‘ऊन लागतें’ असें एकदांही म्हटलें नाहीं, कारण त्यांना तें लागतच नव्हतें. सकाळीं टांचेवर आणि करंगळीवर मोठे फोड होते. जखम चार महिने चालली, करंगळी काढावी लागली, आणि त्या सूनबाईंच्या मनाला लागलेली टोंचणी अद्याप गेलेली नाहीं. दीर्घ मधुमेहांत पायांची संवेदना हळूहळू नाहींशी होते, आणि रोग्याला त्याचा पत्ता नसतो. ज्यांना शेक देऊं नये अशांची यादी स्वेदाध्यायांत आहे. तींत गर्भिणी आहे, थकलेला आहे, बेशुद्ध आहे, रागावलेला आणि शोक करणारा आहे, आणि मधुमेहीही आहे. आचार्यांचीं कारणें त्यांच्या शास्त्रांतलीं, आजचीं आजच्या शास्त्रांतलीं. यादींत तें नांव आहे एवढें खरें.

भाजण्याला कढत पाणीच लागतें असें नाहीं. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनीं १९४७ सालीं याचा कसून अभ्यास केला. ६० अंश सेंटिग्रेडला कातडी सुमारें पांच सेकंदांत भाजते. परंतु ४४ अंशांची, म्हणजे हाताला नुसती ऊन वाटणारी, उष्णता सहा तास एके जागीं राहिली तरीही भाजते. रात्रभर पिशवीवर निजणारांनीं हा दुसरा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. शेक देण्यापूर्वीं भौतिकोपचारक एका कांचनळींत ऊन व दुसरींत थंड पाणी घेऊन रोग्याला डोळे मिटावयास सांगतात आणि कोणती नळी लागते तें विचारतात. घरीं दोन चमच्यांनीं हेंच करितां येईल. ज्याला ओळखतां आलें नाहीं त्याला त्या जागीं शेकही नको आणि बर्फही नको. बाकींच्यांना पिशवी दोनतृतीयांश भरून, आंतली हवा दाबून काढून, जाड पंचांत गुंडाळून, १५ ते २० मिनिटें द्यावी; पांच मिनिटांनीं एकदां कातडी पाहावी; आणि पिशवी अंगावर ठेवावी, अंग पिशवीवर ठेवूं नये. जो सांधा आधींच लाल होऊन तापलेला आहे, किंवा ज्याबरोबर ज्वर आहे, तो शेकूं नये. एकाच पायाची पोटरी अकस्मात् सुजून दुखूं लागली तर ती चोळूंही नये आणि शेकूंही नये. शिरेंत रक्त गोठल्याचें तें लक्षण असूं शकतें, आणि तेथें डॉक्टरच पाहिजे.

थंडाविषयीं फार लिहावयाचें नाहीं. मुलाचा पाय मुरगळला, तर पहिल्या दिवसादोन दिवसांत ओल्या रुमालांत गुंडाळलेला बर्फ दहापंधरा मिनिटें ठेवावा. त्यानें मज्जातंतूंची गति मंदावते आणि ठणका कमी होतो. उघडा बर्फ कातडीवर कधीं ठेवूं नये. आणि थंडींत ज्यांचीं बोटें पांढरींनिळीं पडतात त्यांनीं तर बर्फाच्या वाटेलाच जाऊं नये. विश्रांति, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणें ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७८ सालीं आपल्या पुस्तकांत दिली, आणि ती जगभर शाळांच्या पटांगणांतून पाठ झाली. त्याच गृहस्थांनीं सुमारें साडेतीन दशकांनंतर स्वतःच लिहिलें कीं सूज हा भरून येण्याच्या क्रियेचाच भाग आहे, आणि फार बर्फ व फार विश्रांति यांनीं ती क्रिया लांबत असावी. आपलेंच प्रसिद्ध झालेलें सूत्र हयातींत दुरुस्त करणारा ग्रंथकार विरळा, म्हणून त्यांचें नांव आम्ही आदरानें घेतों. तेव्हां बर्फ ठणक्यापुरता. आणि हाड मोडलेलें नाहीं अशी खात्री झाली कीं पाऊल सोसेल तितकें टेकवावयास लागावें.

पाण्याविषयीं मात्र अंमळ विस्तारानें लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. कोंकणांत ऊन पाण्याच्या झऱ्यांना ‘उन्हाळीं’ म्हणतात. संगमेश्वराकडील तुरळ, राजवाडी व आरवली, दापोलीकडील उन्हवरें, राजापूर, आणि इकडे तानसेच्या खोऱ्यांत वज्रेश्वरी-गणेशपुरी, हीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत. संधिवाताचीं माणसें तेथें पिढ्यानुपिढ्या जात आलीं आहेत. गुण गंधकाचा असें लोक म्हणतात; आमच्या मतें मोठा वांटा ऊबेचा आणि पाण्याच्या उचलण्याचा असावा, आणि थोडा प्रवासाचाही, कारण घरीं उंबरा न ओलांडणाऱ्या आजी तेथें कुंडाच्या पायऱ्या चढतात उतरतात. युरोपांत सिलेशियांतील प्रीस्निट्झ नांवाच्या शेतकऱ्यानें आणि पुढें बव्हेरियांतील क्नाइप नांवाच्या पाद्र्यानें जलोपचाराचें मोठें प्रस्थ माजविलें. लाइपझिगच्या लुई कुन्हे यांचें कटिस्नान तर आमच्या आजोबांच्या पिढींत घरोघर माहीत होतें. महात्मा गांधींनीं कुन्हे यांचे प्रयोग स्वतःवर केले, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचार आश्रमाची स्थापना केली. सर्व रोग मुळांत एकच, हें कुन्हे यांचें म्हणणें आम्हांस कधींच पटलें नाहीं. पण पाण्याचा उपयोग त्यामुळें खोटा ठरत नाहीं.

पाण्याचा खरा चमत्कार आर्किमिडीजनें सांगून ठेविलेला आहे. कंबरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें असतां पायांवर शरीराचें निम्मेंच वजन येतें. छातीइतक्या पाण्यांत सुमारें एकतृतीयांश, आणि मानेइतक्या पाण्यांत दशांशाच्या आसपास. साठ किलोच्या ज्या आजींना जमिनीवर पाऊल टाकवत नाहीं, त्यांच्या गुडघ्यांना छातीइतक्या पाण्यांत वीसच किलो उचलावे लागतात. शिवाय पाणी पडूं देत नाहीं, आणि जितकें जोरानें हलावें तितका विरोध करितें. म्हणजे दुबळ्याला दुबळा आणि सशक्ताला सशक्त असा हा तालमीचा जोडीदार आहे. उपचाराच्या तलावांतलें पाणी साधारणपणें ३३ ते ३५ अंश ठेवितात. उन्हाळ्यांच्या कांहीं कुंडांत हात घालवत नाहीं इतकें कढत पाणी असतें. हृदयरोग्यांनीं तेथें नुसतें दर्शन घ्यावें.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, पक्षाघात होऊन दोन्ही पाय गेले. तो पोलिओ असें त्या वेळीं निदान झालें. १९२४ सालीं ते जॉर्जियांतील वॉर्म स्प्रिंग्ज या खेड्यांत गेले. तेथल्या झऱ्याचें पाणी ३१ अंशांचें, म्हणजे अंगाच्या ऊबेहून थोडें कमी. कोरड्यावर जो पाय हलत नसे तो त्या पाण्यांत थोडा हलतो असें त्यांना दिसलें. १९२६ सालीं त्यांनीं ती जागाच विकत घेतली, पुढल्या वर्षीं तेथें संस्था काढिली, आणि आपल्यासारख्या रोग्यांबरोबर ते पाण्यांत उतरून व्यायाम करीत. त्यांचे पाय परत आले नाहींत. आधारावांचून ते पुन्हां कधीं चालले नाहींत. पण खांदे, पाठ आणि कंबर यांत जी शक्ति उरली होती ती त्यांनीं पुरेपूर कामाला लाविली. पाण्यांत नुसते डुंबत बसले असते तर हें झालें नसतें. आपल्यापैकीं थोड्यांनाच असा तलाव मिळणार. परंतु संधिवातानें आखडलेली मूठ सकाळीं ऊन पाण्याच्या पातेल्यांत बुडवून वीस वेळां उघडमीट करणें, याला तलाव लागत नाहीं.

आतां चौथा सेवक, नाद. हा ऐकूं येत नाहीं, आणि त्यामुळेंच त्याचा दबदबा फार. मनुष्याच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपांपर्यंतचाच नाद समजतो. उपचाराच्या यंत्रांतला नाद सेकंदाला दहा लाख किंवा तीस लाख कंपांचा असतो. त्याला अल्ट्रासाउंड म्हणजे श्राव्यातीत ध्वनि म्हणतात. कांहीं स्फटिकांवर दाब दिला तर वीज उत्पन्न होते, हें पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, विजेनें असे स्फटिक थरथरतात. पहिल्या महायुद्धांत पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठीं लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें हा गुण वापरला, आणि त्या नादाच्या झोतांत सांपडलेले मासे मरतात, व हात घातला तर वेदना होते, असें त्याला आढळलें. जीवांवर परिणाम करणारी ही शक्ति मोजूनमापून दिली तर औषध होईल, या विचारानें १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत उपचाराला आरंभ झाला. गर्भ पाहण्याच्या सोनोग्राफीचा हा भाऊबंदच. मात्र तो पाहतो, हा आंतून ऊब देतो. हवेंतून हा नाद जात नाहीं, म्हणून कातडीवर बुळबुळीत लेप लावितात. आणि एके जागीं थांबला तर भाजेल, म्हणून यंत्राची मूठ सारखी फिरती ठेवितात. दहा लाख कंपांचा नाद तीन ते पांच सेंटिमीटर खोल जातो, तीस लाखांचा एकदोन सेंटिमीटर. डोळा, गर्भिणीचें पोट, वाढत्या मुलांच्या हाडांचीं टोकें, कर्करोगाची गांठ, आणि हृदयाला लाविलेलें विजेचें यंत्र, यांपासून त्याला दूर ठेवितात.

उपपत्ति इतकी सुंदर, तेव्हां गुणही तितकाच असेल असें कोणासही वाटेल. त्याची परीक्षा करणें सोपें होतें, कारण रोग्याला यांत फारसें कांहीं जाणवत नाहीं. यंत्र बंद ठेवून नुसती मूठ फिरविली तरी त्याला ओळखतां येत नाहीं. अशा परीक्षांचा एक मोठा आढावा रॉबर्टसन आणि बेकर यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. ३५ परीक्षांपैकीं दहाच त्यांना रीतसर केलेल्या वाटल्या, आणि त्या दहांपैकीं आठांत खरें यंत्र आणि बंद यंत्र यांत फरक दिसला नाहीं. खांद्याच्या कंडरेंत चुन्याचा साका बसतो त्या दुखण्यांत व्हिएन्ना येथें फायदा दिसला होता, पण नऊ महिन्यांनीं दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. कंबरदुखीसाठीं हा उपचार देऊं नये असें इंग्लंडच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें, म्हणजे नाइसनें, २०१६ सालीं स्पष्ट सांगितलें. यंत्र अपाय करितें असें आमचें म्हणणें नाहीं. दोघांचेंही दुखणें कमी होतें, बंद यंत्राखालच्या रोग्याचेंही. कोणी आस्थेनें दहा मिनिटें आपल्या खांद्यावर हात फिरवितो हेंही कांहीं थोडें नव्हे. पण तेवढ्यासाठीं पेन्शन खर्चावी काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. आमच्या एका स्नेह्यांनीं एका उपचारगृहांत वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरले, वीस दिवस यंत्राखालीं खांदा धरला, आणि विसाव्या दिवशीं आम्हीं विचारलें तेव्हां व्यायाम म्हणून एकही गोष्ट त्यांना कोणी शिकविलेली नव्हती.

हा दोष विद्येचा नव्हे. या विद्येची पहिली शाळा आपल्या देशांत मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं निघाली. तिच्या आधीं तीन वर्षें त्याच ठिकाणीं कमलाबाई निंबकर यांनीं रोग्यांना रोजच्या कामांतून हातपाय परत मिळवून देणारी दुसरी शाळा काढली होती. जन्मानें अमेरिकन असलेल्या या बाईंनीं आपला संसार आणि आपलें काम इकडे केलें. तेथें शिकलेला भौतिकोपचारक पहिल्या दिवशीं शेक देईल, यंत्रही लावील, पण रोज कांहीं तरी करावयास सांगेल आणि दुसरे दिवशीं तें केलें कीं नाहीं तें विचारील. जो विचारीत नाहीं त्याला आपणच विचारावें : आतां घरीं आम्हीं काय करावयाचें ?

घरांतली अडचण निराळीच आहे. एकत्र कुटुंबांत वडील माणसांची सेवा हा धर्म आहे, आणि ती सेवा फार प्रेमानें त्यांना पंगु करून टाकते. पाण्याचें भांडें हातांत, ताट पलंगावर, चपला पायांत. सासऱ्यांना ‘उठा, दहा वेळां उभे राहा आणि बसा’ असें सून कशी म्हणणार ? पिशवी भरून देणें तिच्या अधिकारांतलें आहे, व्यायाम सांगणें नाहीं. हें काम नातवंडांकडे सोंपवावें. त्यांना संकोच नसतो आणि आजोबांना त्यांचा राग येत नाहीं. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यांत सरळ करावा आणि एक अनुष्टुभ् श्लोक सावकाश म्हणून होईपर्यंत तसाच धरावा. साधारण दहा सेकंद होतात. मग दुसरा पाय, दुसरा श्लोक. संध्येला बसणारांना हें मोजमाप घड्याळापेक्षां सोयीचें वाटेल. आखडलेल्या खांद्याला, जो मधुमेह्यांत विशेष आढळतो, शेक दिल्यावर लगेच ओणवें होऊन हात लंबकासारखा झुलवावा, मग भिंतीवर बोटें चालवीत वर न्यावा आणि जेथपर्यंत गेला तेथें पेन्सिलीची रेघ मारावी. रेघ रोज तसूभर वर गेली नाहीं तरी महिन्यांत जाते. अर्धांगवायु झालेल्या माणसाला उठवितांना लुळा हात धरून कधीं ओढूं नये. खांदा निखळतो, आणि मग जन्माचें दुखणें मागें लागतें. काखेखालून आणि पाठीमागून आधार द्यावा. छातींत दुखणें, दम लागणें, तोल जाणें असें ज्यांना आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतलें कांहीं सुरू करूं नये.

एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं सासूबाईंसाठीं रबरी पिशवी घ्यावी कीं विजेची शेकाची गादी. पिशवींतलें पाणी आपोआप निवत जातें, गादी चालू राहिली तर निवत नाहीं. म्हणून विसराळू आणि लगेच झोंप लागणाऱ्या माणसांना पिशवी बरी, गादी घेतलीच तर वेळेनें स्वतः बंद होणारी घ्यावी. पत्रांत सासूबाईंचें वय ७४ असें लिहिलें आहे. पण त्यांना मधुमेह आहे कीं नाहीं आणि पायांना समजतें कीं नाहीं, तें लिहिलेलें नाहीं. तें आधीं दोन चमच्यांनीं पाहावें, मग दुकानांत जावें.